विषय : घडवंची मिळणेबाबत

अकोला,
रविवार, ता. १९ जून १९६६

तीर्थरूप पुंजाजी मामा यांना भाची सत्यवतीचा अकोल्याहून सविनय जयभीम.

इकडे आम्ही मायलेकी बऱ्या आहोत, म्हणजे आई बरी आहे आणि मी उभी आहे. तुमच्या गुडघ्याचं कसं काय? भागीरथा मामींनी दिलेला निरगुडीचा पाला गुडघ्याला बांधता की नुसता उशाशी ठेवता? (मागल्या खेपेस मी आले तेव्हा तो उशाशीच होता, आणि मामी विचारायला आल्या की तुम्ही झोपेचं सोंग घेत होता.) मामींनाही माझा जयभीम सांगा. पत्र लांबणार आहे, तेव्हा चष्मा पुसून, खाटेवर नीट टेकून मगच पुढे वाचा. उभ्यानं वाचण्यासारखं यात काही नाही. गेल्या बुधवारी मी जी हादरले ती अजून ताळ्यावर आले नाही. काल वरणात दोनदा मीठ घातलं आणि आईनं ते एक अक्षर न बोलता खाल्लं. म्हणजे तीही ताळ्यावर नाही.

मामा, तुम्ही अमरावतीच्या आमच्या मुख्य कचेरीत जमादार. टपालाची थैली रोज सकाळी तुमच्याच हातानं उघडते. त्यामुळे मी सांगते आहे त्यातला प्रत्येक कागद तुमच्या हाताखालून गेलेला आहे. पण पाकीट वाटणाऱ्याला पाकिटातलं काय ठाऊक असणार? आणि आमच्या या अकोल्याच्या विहीर-मोजणी कचेरीत तर पाकीट फोडणाऱ्यालाही ठाऊक नसतं, ही या पत्रातली पहिली धक्क्याची गोष्ट.

तसा नियमच होता. आमचे मुख्य कारकून हरिहरपंत हे नियमानं चालणारे गृहस्थ. (डबा बरोबर एक वाजता उघडतात, भूक असो नसो. पाणी घरून तांब्यात आणतात. कचेरीतल्या माठाचं त्यांच्या घशाला बाधतं म्हणे. घसा कधीपासून बिघडला असं मी सहदेव चपराशाला विचारलं, तर तो म्हणाला, "तुमी नोकरीवर आल्याच्या दुसऱ्या दिसापासून, बाई." असो.) मी आवक-जावकच्या टेबलावर रुजू झाले तेव्हा त्यांनी मला समोर बसवून पहिला पाठ दिला, तो कागदाच्या डोक्यावरच्या 'विषय' या ओळीचा. ते म्हणाले, विषय म्हणजे कागदाचं नाव. एकदा बारशाला ठेवलं की सरणापर्यंत तेच. उत्तर आलं, उत्तराला उत्तर गेलं, वर्ष लोटलं, तरी विषयाला हात लावायचा नाही. नाहीतर फाईल सापडत नाही. मी म्हटलं, पण बाईचं नाव तर लग्नात बदलतं. ते म्हणाले, "म्हणूनच बायकांचे जुने कागद सापडत नाहीत." आणि या नियमाला जोडून दुसरा एक नियम असा, की ज्या कागदावर जुनाच विषय असेल तो त्यांना दाखवायचा नाही, सरळ त्या फाईलला लावून टाकायचा. एकाच विषयावर दोनदा डोळे शिणवायला त्यांना सवड नव्हती.

आता मार्चमध्ये झालं असं, की आमच्या कचेरीतल्या घडवंचीचा एक पाय मोडला आणि तिच्यावरचा पाण्याचा माठ सहदेवच्या पायांशी येऊन फुटला. नवा माठ सहदेवनं दुपारच्या आत आणला. पण घडवंची ही लाकडी वस्तू, म्हणजे सरकारी मालमत्ता. ती मुख्य कचेरीकडूनच यायला हवी. म्हणून मी पत्र लिहिलं. विषय : घडवंची मिळणेबाबत. तुमच्याकडून उत्तर आलं, की शासनाच्या नव्या मराठी शब्दसंग्रहात 'घडवंची' हा शब्द आढळत नाही, तरी ही वस्तू काय आहे ते कळवावे. मी कळवलं. मग आलं, की पाय तीन असतात की चार. कळवलं. मग आलं, की मोडलेला पाय पुराव्यादाखल पाठवावा. आम्ही तो तागाच्या गोणपाटात शिवून रेल्वेनं पाठवला. (बडनेऱ्याला तो दोन दिवस गाडी बदलायची वाट पाहत पडला होता, असं ऐकते.) त्यावर उत्तर : पाय मिळाला. उरलेली घडवंची या पायावाचून उभी राहते किंवा कसे, ते पाहून कळवावे. मामा, ही सगळी पत्रं खाली 'धर्मपाल तायडे, लिपिक' अशा सहीची. वळणदार अक्षर, ओळ वाकडी नाही. मजकूर बावळट होता, पण तो तिकडच्या साहेबांचा. यानं नुसता उतरवलेला.

एप्रिलच्या सुरुवातीला त्याच विषयाखाली सातवं पत्र आलं. पहिल्या तीन ओळी पायाबद्दल होत्या. तेवढ्या मी वाचल्या, आणि नियमाप्रमाणे कागद फाईलला लावून पुढच्या टपालाला लागले. त्या तीन ओळींखाली 'तसेच' असा शब्द होता, आणि त्या 'तसेच'च्या पुढे काय होतं ते मला जूनपर्यंत कळलं नाही.

दरम्यान अकोल्याचा उन्हाळा. तुम्हाला काय सांगायचं! दौतीतली शाई दुपारपर्यंत आळून चिकट व्हायची. वाळ्याच्या पडद्यावर सहदेव पाणी मारायचा, ते खाली पोचायच्या आत सुकून जायचं. हरिहरपंत डोक्यावर ओला पंचा घेऊन बसत आणि दर तासाला म्हणत की या जन्मी काय पाप केलं म्हणून सरकारनं मला अकोल्यात ठेवलं.

दोन जूनला तार आली. तार ही मोठी इमानदार चीज आहे मामा, तिला विषय नसतो. त्यामुळे ती हरिहरपंतांनी वाचली. तारेत एवढंच होतं, की आपले मुख्य कारकून चिखलदऱ्यास अद्याप हजर का नाहीत, तात्काळ खुलासा करा. हरिहरपंतांनी तार उलटी करून मागची कोरी बाजूही वाचली. मग आम्ही फायली उपसल्या, आणि घडवंचीच्या फाईलीत, सातव्या पत्रात, 'तसेच'च्या पुढे सापडलं : तसेच आपल्या मुख्य कारकुनांनी ता. १५ एप्रिलपासून तीन महिने चिखलदरा येथे राहून डोंगरातील विहिरींच्या नोंदीचे काम पाहावे. राहण्यासाठी बंगल्यातील दोन खोल्या राखून ठेवल्या आहेत.

हरिहरपंतांचा चेहरा मला विसरता येत नाही. नोकरी जाईल ही भीती नंतर आली. आधी ते नुसतं "चिखलदरा" म्हणाले. मग "एप्रिलपासून" म्हणाले. मग "दोन खोल्या" म्हणाले आणि खालीच बसले. सारी वैशाखाची आग त्यांनी ओल्या पंच्याखाली काढली, आणि तेवढे दिवस सरकारनं त्यांच्यासाठी थंडगार डोंगरावर पलंग घालून ठेवला होता! "रमाला काय सांगू?" एवढंच ते विचारत राहिले. (रमाबाई म्हणजे त्यांचं कुटुंब. त्यांनी दर उन्हाळ्यात चिखलदऱ्याचा हट्ट धरायचा आणि यांनी दर उन्हाळ्यात नाही म्हणायचं, असं पंधरा वर्षं चाललं होतं.) त्या धसक्यात त्यांनी सहदेवनं पुढे केलेलं माठाचं पाणी दोन पेले घटाघटा प्यायलं. घशाचं कोणाला काही आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आत बोलावलं. साहेब शांत माणूस, पण तार त्यांच्या नावावर होती. त्यांनी विचारलं, हा कागद न वाचता फाईलला कोणी लावला? हरिहरपंतांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मामा, मी अजून कायम नाही, एका चिठ्ठीनं घरी जाईन, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या डोळ्यांपुढे आईचा जिनिंगचा कारखाना उभा राहिला. दहा वर्षं तिनं त्या कापसाच्या फुफाट्यात राबून मला मॅट्रिक केलं. आता कुठे तिचा खोकला कमी झाला आहे. तरी तोंड चाललं. मी म्हटलं, "साहेब, मी वाचला नाही ही माझी चूक. पण वाचायचा नाही हा नियम होता." साहेबांनी हरिहरपंतांकडे पाहिलं. हरिहरपंतांनी छताकडे पाहिलं.

मग बाहेर आल्यावर त्यांनी नवी वाट काढली. म्हणाले, घडवंचीच्या पत्रात बदलीचा हुकूम घुसडला कोणी? त्या अमरावतीच्या तायड्यानं. तोही तुमच्यासारखाच कच्चा. त्याच्यावर ढकलून द्या, आपण दोघं सुटतो. खुलाशाचा मसुदा तुम्हीच करा. मी जागेवर येऊन बसले आणि अर्धा तास लेखणी उचलली नाही. तो माणूस मी कधी पाहिलेला नव्हता. पण साहेबानं सांगितलेलं उतरवणारा, कायम न झालेला, कोणीतरी बोट दाखवलं की घरी जाणारा माणूस कसा असतो ते मला चांगलं माहीत होतं. मी तोच सकाळी झाले होते. शेवटी मी लिहिलं, की हुकूम पाठवणाऱ्या कचेरीनं पाठवला आणि घेणाऱ्या कचेरीनं घेतला, परंतु पत्राचा मजकूर बदलला असता त्याचा विषय बदलला गेला नाही, त्यामुळे हुकूम घडवंचीत राहिला. तरी यापुढे मजकूर बदलल्यास नवा विषय लिहावा, आणि जुनी फाईल सापडावी म्हणून कंसात पूर्वीचा विषय द्यावा. आणि त्याच पत्रावर तसं करूनही दाखवलं. विषय : मुख्य कारकून चिखलदऱ्यास हजर न होण्याबाबत (पूर्वीचा विषय : घडवंची मिळणेबाबत).

हरिहरपंत त्या कंसावर दुपारभर भांडले. त्यांना तो कंस अंगावर आल्यासारखा वाटत होता. बारा गावचे कागद मी याच नियमानं सांभाळले, म्हणाले. मी म्हटलं, पंत, चिखलदरा पण याच नियमानं सांभाळला. तेव्हा कुठे ते कागद घेऊन साहेबांकडे गेले.

आठवड्यानं उत्तर आलं. खुलासा मान्य. पावसाळा तोंडावर आल्यानं चिखलदऱ्याचं उरलेलं काम रद्द, कोणावर ठपका नाही. शिवाय मुख्य कचेरीनं आमचा कंस सगळ्या कचेऱ्यांना लागू केला, तसं परिपत्रक काढलं. फक्त ते परिपत्रक आमच्याकडे आलं ते 'घडवंची मिळणेबाबत' या विषयाखाली. (घडवंची मात्र अजून मिळालेली नाही. माठ विटांवर आहे.)

इथवर सगळं गोड झालं, आणि आता बुधवार. चिखलदऱ्यानंतर हरिहरपंतांचा कोणावर भरवसा राहिलेला नाही. टपाल ते स्वतः फोडतात, आणि ज्या कागदावर नवा विषय असेल तो सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असा मोठ्यानं वाचतात, कोणाचं काही राहून जायला नको म्हणून. बुधवारी त्यांनी तुमच्या कचेरीचं पाकीट फोडलं, चष्मा सारखा केला आणि वाचलं : विषय, विवाहाबाबत विचारणा. कंसात, पूर्वीचा विषय, मुख्य कारकून चिखलदऱ्यास हजर न होण्याबाबत. पुन्हा कंसात, त्यापूर्वीचा विषय, घडवंची मिळणेबाबत. त्यांना वाटलं विवाहित कर्मचाऱ्यांची यादी मागवली असेल. म्हणून आवाज आणखी चढवला.

"उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे कळविण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकार हा मूर्तिजापूरचा राहणारा असून त्याचे वय सव्वीस आहे. आपल्या कार्यालयातील आवक-जावक लिपिक कुमारी सत्यवती इंगळे यांनी दिनांक चार रोजीच्या खुलाशात चूक कोणाची हे न लिहिता चूक कशाची हे लिहिले, त्यामुळे निम्नस्वाक्षरीकाराची नोकरी राहिली. असे लिहिणाऱ्या व्यक्तीसोबत संसार करण्याची निम्नस्वाक्षरीकाराची इच्छा आहे. त्यांचा घरचा पत्ता उपलब्ध नसल्याने व आवक टपाल त्याच उघडतात असे समजल्याने..."

इथे हरिहरपंत थांबले. पण मामा, फार उशीर झाला होता. सहा माणसं माझ्याकडे पाहत होती. सहदेव म्हणाला, "बाई, हे तं तुमचंच टपाल हाय." आतून साहेब बाहेर आले, काय चाललंय म्हणून. हरिहरपंतांनी कागद त्यांच्यापुढे धरला. साहेबांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला (या कचेरीत पहिल्यांदाच कोणी शेवटपर्यंत वाचलं), आणि म्हणाले, विषय व्यवस्थित दिला आहे. पंधरा दिवसांत उत्तर गेलं पाहिजे. मला उठता येईना, म्हणून हरिहरपंतांनीच रजिस्टर ओढून त्याला आवक क्रमांक दिला. सहाशे बारा. मामा, तुमच्या भाचीची मागणी सहाशे बारा नंबरची आहे! सहाशे अकरा म्हणजे बाळापूरची बुजलेली विहीर.

या माणसानं हेच पत्र घडवंचीच्या विषयाखाली धाडलं असतं, तर कोणी ढुंकून पाहिलं नसतं! पण नियम पाळायला गेला. नियमही माझाच.

घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं ती तरी चिडेल. तिनं आधी विचारलं, "शिक्का हाय का त्याच्यावर?" आहे म्हटल्यावर हातातलं सूप खाली ठेवलं. शुक्रवारी मी टेबलावर मान घालून बसले होते, तर दारात आई. धुतलेलं लुगडं, पायात वहाणा. मला ओळख न देता ती सरळ हरिहरपंतांपुढे गेली आणि म्हणाली, "मी पंचफुलाबाई. माह्या पोरीचा कागद पाहाले आली." आणि हरिहरपंतांनी, मामा, स्वतः उठून तिला खुर्ची दिली! फाईल काढून पत्र पुन्हा वाचून दाखवलं, तिला 'निम्नस्वाक्षरीकार'चा अर्थ समजावून सांगितला, आणि मुलगा ओळ सरळ लिहितो अशी शिफारसही केली. आई जाताना मला म्हणाली, "पोरगा सरकारी, कागद सरकारी, मंग तू तोंड पाडून काहून बसून राहिली?" मामा, तुम्हाला म्हणून सांगते. त्यानं विचारलं याचा राग नाही मला. मी काय विहीर आहे का नोंदवायला? सहा माणसांत मोठ्यानं वाचली गेले, त्याचा राग आहे.

तेव्हा काल शनिवारी मीही सरकारी उत्तर टाईप केलं. सदर प्रस्तावाचा विचार करता येत नाही, प्रकरण बंद करण्यात यावे. हरिहरपंतांनी ते वाचलं आणि पहिल्यांदाच एका मसुद्यात काही चूक काढली नाही. दुपारच्या थैलीत सहदेवनं ते टाकलं. झालं. विषय संपला. आता तो विषय कोणी माझ्यापुढे काढू नये, एवढंच तुम्हाला सांगायला हे पत्र. प्रकृतीला जपा, आणि गुडघा दुखत असताना जिन्यानं वरखाली करू नका.

तुमची आज्ञाधारक भाची,
सत्यवती

ता. क. हे पत्र शेजारच्या मैनाबाईंच्या हाती देते आहे. त्या उद्या सकाळच्या एस.टी.नं अमरावतीला लेकीकडे येत आहेत. म्हणजे हे तुम्हाला सोमवारीच मिळेल. शनिवारची थैली मात्र तुमच्याकडे मंगळवारी उघडते ना?

ता. क. दुसरा. मामा, तुम्हाला हात जोडते. मंगळवारी थैलीत आमच्या कचेरीचं लांबट पाकीट निघेल, डाव्या कोपऱ्यात शाईचा डाग आहे. ते त्या तायड्याच्या टेबलावर जाऊ देऊ नका. मी रागात लिहिलं. थैली गेल्यापासून मला अन्न गोड लागत नाही, आणि त्याचं ते 'चूक कोणाची' आणि 'चूक कशाची'चं वाक्य मी आतापर्यंत नऊ वेळा मनात म्हटलं आहे. सरकारी कागद दडवणं गुन्हा आहे हे मला माहीत आहे. तुम्ही पाकीट फक्त गुडघ्याखाली ठेवून बसा. तुम्हाला उठायला कोण सांगणार आहे?

ता. क. तिसरा. पण लगेच दडवू नका. आधी त्याला चहाला म्हणून बाहेर न्या आणि विचारा, लग्नानंतर पोरगी नोकरी सोडणार नाही आणि आई तिच्यापाशीच राहील, चालेल का? तो लगेच 'हो' म्हणाला तर पाकीट तुमच्याजवळ राहू द्या. 'नाही' म्हणाला तर टेबलावर ठेवा. आणि 'विचार करून सांगतो' म्हणाला, तरी टेबलावरच ठेवा.